कार्यालयाची पत्तावही कोणाच्या खिशात?

१ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन पालघर हा महाराष्ट्राचा छत्तिसावा जिल्हा झाला. त्या दिवशी बोईसर-तारापूरच्या औद्योगिक वसाहतीतला एकही कारखाना जागचा हलला नाही. प्लॉट तोच, पिनकोड तोच, ०२५२५ हा एसटीडी कोडही तोच. तरीही लेटरहेडवरचा, रबरी शिक्क्यावरचा आणि ग्राहकांच्या दप्तरातला ‘जि. ठाणे’ एका रात्रीत जुना झाला. ज्या कामांसाठी ठाण्याच्या जिल्हाधिकारी कार्यालयाचे नंबर जपून ठेवले होते, त्यांच्यासाठी पालघरचे नवे नंबर शोधणे आले. तीन वर्षांनी, १ जुलै २०१७ ला जीएसटी लागू झाला आणि प्रत्येक पार्टीच्या नावापुढे पंधरा अक्षर-आकड्यांचा नवा क्रमांक लिहावा लागला. पुढे २६ जानेवारी २०२० ला दमण-दीव आणि दादरा-नगर हवेली हे दोन केंद्रशासित प्रदेश एक झाले, आणि त्याच वर्षीच्या ऑगस्टपासून दमणच्या पार्ट्यांच्या जीएसटी क्रमांकातले पहिले दोन आकडे २५ चे २६ झाले. वापी, सिल्वासा आणि दमण यांच्याशी तारापूरच्या कारखान्यांची रोजची देवाणघेवाण. त्यामुळे हाही बदल कुठे दूरवर घडला नाही, थेट बिलावर उतरला.

या तिन्ही घटनांत कार्यालयाकडून काहीच चुकले नव्हते. पत्ते आणि नंबर बाहेरून शिळे होतात, आणि कितीही नीटनेटका कारकून ठेवला तरी होतात. म्हणून पत्तावही किती मोठी आहे यापेक्षा ती किती ठिकाणी आहे, हे पाहणे जास्त महत्त्वाचे. आठ माणसांचे कार्यालय धरा. प्रत्येकाकडे एक मोबाइल आणि एक संगणक, म्हणजे एकाच ट्रान्सपोर्टरच्या नंबराच्या सोळा प्रती. त्याने नंबर बदलला की सोळा दुरुस्त्या हव्यात. प्रत्यक्षात होतात दोन किंवा तीन, आणि उरलेल्या तेरा-चौदा प्रती चुकीच्या आहेत हे कोणाला कळतही नाही. चुकीचा नंबर दिसायला बरोबर नंबरासारखाच असतो, ही यातली खरी अडचण. माझे म्हणणे असे, की छोट्या कार्यालयाने पत्तावही आणि कॅलेंडर नेटवर्कवर सामायिक ठेवावे. ती संगणकाची हौस म्हणून नव्हे, तर हे दोन्ही कार्यालयाच्या मालकीचे ऐवज आहेत म्हणून. ते एखाद्या माणसाच्या खिशात राहिले, तर त्या माणसाबरोबर घरी जातात, रजेवर जातात आणि एक दिवस नोकरी सोडून जातात.

आजची स्थिती काय असते? टॅलीमध्ये पार्टीच्या लेजरला जोडून एक नंबर असतो, बहुतेक वेळा खाते उघडले तेव्हाचा. अकाउंटंटच्या मोबाइलमध्ये त्याच पार्टीच्या खरेदी विभागातल्या माणसाचा नंबर असतो. डिस्पॅच सांभाळणाऱ्याकडे गोडाऊन कीपरचा, मालकाकडे मालकाचा. यातला प्रत्येक नंबर खरा आहे, पण पूर्ण चित्र कोणाकडेच नाही. शिवाय नावे ज्याच्या त्याच्या सोयीची. ‘पाटील टेम्पो’, ‘पाटील नवीन’, ‘पाटील भिवंडीवाला’ हे तिघे एकच की तीन वेगळे, हे ज्याने लिहिले त्यालाच ठाऊक. बॉयलरचे काम करणारा मिस्त्री, टँकरवाला, डीजी सेट दुरुस्त करणारा, प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या तारापूरच्या उपप्रादेशिक कार्यालयातली संबंधित शाखा, घातक कचरा तळोज्याच्या प्रकल्पाकडे नेणारी गाडी, हे सगळे नंबर आठवड्यातून एकदाही लागत नाहीत आणि लागतात तेव्हा त्याच तासात लागतात.

यावर पहिला आक्षेप असा, की आम्ही सहा-आठ जण एकाच खोलीत बसतो. नंबर हवा तर हाक मारली की झाले. खोली लहान असेपर्यंत आणि सगळे हजर असेपर्यंत हे खरे आहे. पण बोईसरच्या कार्यालयात सगळे हजर असणे हे पश्चिम रेल्वेवर अवलंबून असते. एप्रिल २०१३ पासून लोकल डहाणू रोडपर्यंत धावू लागली आणि विरार-वसईहून रोज ये-जा करणाऱ्यांची सोय झाली. म्हणजेच कार्यालयाचा बराचसा भाग आता रुळांच्या पलीकडे राहतो. जुलै २०१८ मध्ये वसई-नालासोपारा पट्ट्यात रुळांवर पाणी साचले आणि गाड्या थांबल्या, तेव्हा हाक मारण्याच्या पद्धतीची मर्यादा कोणालाही दिसली असती. फोन करून विचारता येतेच, पण गर्दीत अडकलेल्या, बॅटरी संपत आलेल्या माणसाकडून टँकरवाल्याचा नंबर मिळवणे याला व्यवस्था म्हणता येत नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: व्हॉट्सअॅप ग्रुप आहे ना! माहिती पोचवायला ग्रुपसारखे साधन नाही, हे मान्य केलेच पाहिजे. पण पोचवणे वेगळे आणि ठेवणे वेगळे. ग्रुपवर टाकलेला नंबर दुपारपर्यंत चलनांच्या फोटोंखाली आणि शुभेच्छांखाली गाडला जातो. सहा महिन्यांनी तो बदलला, तर नवा नंबर नव्या संदेशात येतो आणि जुना संदेश तसाच राहतो. शोधणाऱ्याला दोन्ही सापडतात, आणि बरोबर कोणता हे तारखा ताडून ठरवावे लागते. शिवाय ग्रुपमधून नंबर आपल्या फोनमध्ये साठवायचा की नाही, आणि कोणत्या नावाने, हे पुन्हा ज्याचे त्याच्यावर.

एक्सेलच्या फाइलचा पर्याय त्यापेक्षा बरा वाटतो, आणि बहुतेक कार्यालये तिथेच थांबतात. सामायिक फोल्डरमध्ये पार्टींची यादी ठेवलेली असते. ती एकाने उघडली की दुसऱ्याला फक्त वाचण्यापुरती मिळते. त्याला दुरुस्ती करायचीच असते, म्हणून तो नव्या नावाने प्रत साठवतो, आणि वर्षभरात ‘पार्टी लिस्ट नवीन’, ‘पार्टी लिस्ट फायनल’ आणि ‘पार्टी लिस्ट फायनल २’ अशी वंशावळ तयार होते. यादी मोबाइलमधून काढून एक्सेलमध्ये उघडली, तर ०२५२५ मधला सुरुवातीचा शून्य गळून पडतो, कारण एक्सेलच्या लेखी तो निव्वळ आकडा असतो. ९१ लावून लिहिलेला बारा अंकी मोबाइल नंबर तर दशांश चिन्ह आणि दहाच्या घातांकाच्या रूपात दिसू लागतो. फाइल चुकीच्या पद्धतीने साठवली की देवनागरीत लिहिलेल्या नावांच्या जागी प्रश्नचिन्हे उरतात. नंबरांचा रकाना आधीच ‘टेक्स्ट’ करून ठेवणे आणि यादी युनिकोडमध्ये साठवणे एवढी काळजी घेतली तर हे टळते. पण ही काळजी प्रत्येकाने प्रत्येक वेळी घ्यावी लागते, आणि तिथेच गाडी अडते.

आउटलुक वापरणारी कार्यालये आणखी एक चूक करतात, आणि ती महागात पडते. मेल, संपर्क आणि कॅलेंडर हे सारे एका पीएसटी फाइलमध्ये असते, तेव्हा तीच फाइल नेटवर्कच्या सामायिक ड्राइव्हवर ठेवली की सगळ्यांना मिळेल, असे वाटते. ती फाइल एका वेळी एकाच आउटलुकने उघडावी अशा बेताने घडवलेली आहे. दुसऱ्याने उघडू पाहिली की ‘फाइल वापरात आहे’ असा निरोप येतो. लिहिणे चालू असताना वीज गेली किंवा नेटवर्कची केबल निखळली, तर फाइलच बिघडू शकते, आणि मग दुरुस्तीचे साधन चालवून जे वाचेल ते आपले. नेटवर्कवरून पीएसटी चालवू नये, असे खुद्द मायक्रोसॉफ्टच सांगते. याच गरजेसाठी त्या कंपनीने १९९६ मध्ये एक्स्चेंज सर्व्हर आणला होता. पण तो सांभाळायला जाणकार माणूस लागतो, आणि आठ जणांच्या कार्यालयाला तो परवडत नव्हता. छोट्या कार्यालयांना वाटले की हे काम मोठ्यांचेच आहे, त्याचे एक कारण हेच असावे.

मधल्या काळात चित्र बदलले, आणि ते बदलले खुल्या मानकांमुळे. संपर्काची नोंद कशी लिहावी हे सांगणारे व्हीकार्ड १९९६ च्या सुमारास पुढे आले. कॅलेंडरच्या नोंदीसाठी आयकॅलेंडरचे मानक १९९८ मध्ये ठरले. या नोंदी नेटवर्कवर एका जागी ठेवून अनेकांनी कशा वापराव्यात याचे नियम कॅलडॅव्ह (२००७) आणि कार्डडॅव्ह (२०११) या नावांनी आले. यांची रीत समजून घेण्यासारखी आहे. प्रत्येक संपर्काला एक कायमचा ओळखक्रमांक असतो, नाव बदलले तरी तो बदलत नाही. शिवाय प्रत्येक दुरुस्तीनंतर नोंदीवरची खूण बदलते. तुमचा मोबाइल अधूनमधून सर्व्हरला विचारतो, ‘माझ्याकडच्या खुणेनंतर काय बदलले?’ आणि तेवढेच उतरवून घेतो. दोघांनी एकाच वेळी एकच नोंद दुरुस्त केली, तर दुसऱ्याची दुरुस्ती पोचते तेव्हा खूण जुळत नाही. सर्व्हर ती नाकारतो आणि आधीची ताजी नोंद पुन्हा वाचायला लावतो. एक्सेलच्या वंशावळीचा प्रश्न इथे मुळातच सुटतो. आयफोनमध्ये ही मानके अंगचीच आहेत, थंडरबर्डमध्ये आहेत, अँड्रॉइडवर बाहेरच्या सर्व्हरसाठी एखादे जोड अॅप घ्यावे लागते. नेट गेले तरी प्रत्येक फोनमध्ये शेवटची उतरवलेली प्रत असतेच, त्यामुळे ‘नेटवर्क पडले तर काय’ या शंकेचे बरेचसे उत्तरही यातच मिळते.

कॅलेंडरचा विचार करताना भिंतीवरच्या कालनिर्णयाकडे आधी आदराने पाहिले पाहिजे. जयंतराव साळगावकरांनी १९७३ मध्ये सुरू केलेल्या या दिनदर्शिकेच्या चौकोनांत मराठी घरांनी दुधाचा हिशेब आणि सिलिंडरची तारीख लिहिली, आणि कार्यालयांनी हप्त्यांच्या तारखा. ते खरोखरच सामायिक कॅलेंडर आहे. सगळ्यांना दिसते, कोणीही लिहू शकतो, आणि अक्षरावरून कोणी लिहिले ते कळते. संगणकावरचे कॅलेंडर या तीन कसोट्यांना उतरले नाही, तर लोक ते वापरणार नाहीत. भिंतीवरच्या कॅलेंडरची अडचण वेगळी आहे. वापीला गेलेल्या माणसाला ते दिसत नाही, ते आधी आठवण करून देत नाही, आणि ३१ डिसेंबरला भिंतीवरून उतरते तेव्हा वर्षाकाठी एकदाच येणाऱ्या तारखाही त्याच्याबरोबर उतरतात.

आणि कारखान्याच्या कार्यालयात अशाच तारखांना सर्वांत जास्त किंमत असते. दर महिन्याच्या तारखा अंगवळणी पडतात: ७ ला टीडीएस, ११ ला जीएसटीचे विक्रीचे विवरणपत्र, १५ ला पीएफ आणि ईएसआय, २० ला जीएसटीचेच ३बी विवरणपत्र. त्यात चूक झाली तर सीएचा फोन येतो. पण घातक कचऱ्याचे वार्षिक विवरणपत्र ३० जूनपर्यंत, पर्यावरणविषयक वार्षिक निवेदन ३० सप्टेंबरपर्यंत, अग्निशमन यंत्रणा चालू असल्याचे प्रमाणपत्र जानेवारीत आणि जुलैत, बॉयलरची तपासणी, वजनकाट्याची पडताळणी, प्रदूषण मंडळाच्या कन्सेंटची संपणारी मुदत, या तारखा बहुधा एकाच माणसाच्या डोक्यात असतात. त्या सामायिक कॅलेंडरमध्ये ‘दरवर्षी’ अशी खूण करून घातल्या, आणि दोन आठवणी लावल्या, एक कागद गोळा करायला पुरेशी आधीची आणि एक शेवटच्या आठवड्यातली, तर त्या माणसावरचे ओझेही हलके होते. नोंदीतच जबाबदार पदाचे नाव, मागच्या वर्षीच्या अर्जाचा क्रमांक आणि फाइल कोणत्या कपाटात आहे ते लिहावे. तारीख कळली आणि कागद सापडला नाही, तर अर्धेच काम झाले.

पत्तावहीचा प्रश्न तारापूरमध्ये निव्वळ धंद्याचा नाही, याची जाणीव ठेवावी लागते. भोपाळच्या १९८४ च्या दुर्घटनेनंतर केंद्र सरकारने घातक रसायनांसाठी १९८९ चे नियम केले आणि १९९६ मध्ये रासायनिक अपघातांच्या तयारीचे नियम. त्यांनी राज्य, जिल्हा आणि औद्योगिक पट्ट्याच्या पातळीवर आपत्ती गटांची साखळी आखून दिली. मोठ्या धोक्याच्या कारखान्याला स्वतःची आपत्कालीन योजना ठेवावी लागते आणि दर सहा महिन्यांनी तिची रंगीत तालीम घ्यावी लागते. अशी योजना उघडून पाहिली तर तिचा मोठा भाग म्हणजे नंबरांची यादी असते: कोणी कोणाला, कोणत्या क्रमाने कळवायचे. ११ जानेवारी २०२० च्या संध्याकाळी याच वसाहतीत एका रासायनिक कारखान्यात स्फोट होऊन आठ जणांचा जीव गेला. अशा वेळी शेजारच्या कारखान्यांनाही मिनिटांत निर्णय घ्यावे लागतात. त्यामुळे आपत्कालीन नंबरांची पत्तावही वेगळी, छोटी आणि सगळ्यांना उघडी असावी. तिची छापील प्रत सुरक्षारक्षकाच्या केबिनमध्ये, फोनजवळ लावलेली असावी, खाली छापल्याची तारीख असावी, आणि प्रत्येक तालमीच्या दिवशी त्यातला प्रत्येक नंबर लावून पाहावा. इथे कागद संगणकापेक्षा भरवशाचा आहे, कारण वीज गेल्यावरही तो वाचता येतो. पण तो कागद ताजा राहतो तो त्याच्यामागची एकच सामायिक नोंद ताजी असते म्हणून.

आता सर्वांत अवघड आक्षेप. विक्री प्रतिनिधी म्हणतो, हे संपर्क मी कमावले, ते सगळ्यांपुढे का मांडू? मालकाला उलटी भीती: यादी सगळ्यांना उघडी केली, तर एखादा ती घेऊन प्रतिस्पर्ध्याकडे जाईल. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. पण आजच्या पद्धतीत दोघांचेही नुकसान होते. यादी आजही जाते, फोनमधूनच जाते, आणि कार्यालयाकडे मागे काहीच उरत नाही. सामायिक पत्तावहीत कोणाला फक्त वाचता येईल आणि कोणाला बदलता येईल, हे ठरवता येते. तीन वह्या ठेवाव्यात: सगळ्यांची, विक्रीची, आणि ज्याची त्याची खासगी. पार्टीचा कार्यालयीन नंबर, बिलाचा पत्ता, जीएसटी क्रमांक हे निःसंशय कार्यालयाचे. त्या पार्टीतल्या माणसाशी जडलेला स्नेह प्रतिनिधीचा, आणि तो कोणत्याही वहीत उतरत नाही. कामगारांचे घरचे नंबर, रक्तगट, नातेवाइकांची नावे हा भाग याहून नाजूक. २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्याने अशा माहितीची जबाबदारी ती गोळा करणाऱ्यावर टाकली आहे. कायदा नसता तरी, रात्रपाळीतल्या महिला कर्मचाऱ्याचा खासगी नंबर प्रत्येक ट्रान्सपोर्टरच्या हाती पडू नये, हे समजायला अडचण नसावी.

हे सगळे ठेवायचे कुठे? कार्यालयातच एक छोटा संगणक किंवा नेटवर्क ड्राइव्ह ठेवून त्यावर नेक्स्टक्लाउड किंवा रॅडिकेलसारखी विनामूल्य प्रणाली चालवता येते. माहिती घरची घरात राहते, ब्रॉडबँड बंद असले तरी कार्यालयात काम चालते. पण अशा यंत्राला अद्ययावत ठेवणारा, त्याची रोज दुसरीकडे प्रत घेणारा माणूस लागतो. तो नसेल तर माझा कल स्पष्टपणे कंपनीच्या स्वतःच्या डोमेनवर घेतलेल्या सशुल्क मेल सेवेकडे आहे. एक विनामूल्य जीमेल खाते उघडून त्याचा पासवर्ड सगळ्यांना वाटणे मात्र टाळावे. वैयक्तिक गूगल खात्यात कॅलेंडर दुसऱ्याला दाखवता येते, पण संपर्कांची यादी सोपवण्याची सोय गूगलच्या कार्यालयीन सेवेतच आहे. आणि वाटलेल्या पासवर्डाच्या खात्यात ‘हे तुम्हीच का?’ हा प्रश्न एकाच माणसाच्या फोनवर येत राहतो.

या शेवटच्या मुद्द्यावर थोडे थांबले पाहिजे, कारण खरी मालकी तिथेच ठरते. जीएसटीचे संकेतस्थळ, पीएफचे, प्रदूषण मंडळाचे, उद्यम नोंदणीचे, या प्रत्येक ठिकाणी कारखान्याची ओळख म्हणून एक मोबाइल आणि एक ईमेल नोंदवलेला असतो, आणि ओटीपी तिथेच जातो. घाईत तो बहुधा त्या वेळच्या अकाउंटंटचा दिलेला असतो. तो सोडून गेल्यावर कारखाना स्वतःच्याच दारात उभा राहतो आणि किल्ली सुरतेला किंवा विरारला असते. यावर उपाय म्हणजे पदाचा पत्ता आणि पदाचे सिम: लेखा विभागाचा एक मेल, डिस्पॅचचा एक, आणि कंपनीच्या नावावरचा एक नंबर, ज्याचा फोन कार्यालयातच राहतो. कोणता नंबर कोणत्या संकेतस्थळावर दिला आहे, हेही सामायिक पत्तावहीतच लिहून ठेवावे. पासवर्ड मात्र तिथे लिहू नयेत. कोणी राजीनामा दिला, की शेवटच्या दिवसाची वाट न पाहता त्याच आठवड्यात हे नंबर बदलायला घ्यावेत. काही ठिकाणी जुन्या नंबरवर आलेला ओटीपी दिल्याशिवाय नवा नंबर लागत नाही, आणि तो ओटीपी सांगणारा माणूस तेव्हा अजून समोरच्या खुर्चीत बसलेला असतो.